‘बाहेरून’ मिळविलेली पदवी

या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा ‘आपले यशस्वी माजी विद्यार्थी’ हा विषय त्यांनीच सुचविला होता. सोबत एक यादीही धाडली होती. यादीत डॉक्टर होते, एक तहसीलदार होते, दोन पोलीस उपनिरीक्षक होते, प्राध्यापक होते, मुंबईला मंत्रालयात असलेले एक कक्ष अधिकारी होते. या सर्वांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांतील निम्म्यांच्या वह्या आम्ही तपासलेल्या आहेत. तरीही यादी वाचताना एक नाव आम्ही शोधत होतो आणि ते तीत नव्हते. संपादकांना विचारले, तर उत्तर आले, “सर, त्यांनी एम.बी.ए. केलंय खरं, पण ते बाहेरून केलंय ना!”

‘बाहेरून’ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. गावकुसाबाहेर आयुष्य काढलेल्या माणसांच्या नातवंडांनी तो दुसऱ्यासाठी इतक्या सहजपणे वापरावा, याची आम्हाला खंत वाटली. विद्यापीठाच्या कागदावर त्याला ‘बहिःस्थ’ असे भारदस्त रूप आहे, अर्थ तोच. मात्र खंत व्यक्त करण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. त्या मुलाच्या बाबतीत हा शब्द सर्वांत आधी आम्हीच उच्चारला होता.

त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याला ते आवडणार नाही. आईवडील द्राक्षबागांत मजुरी करीत. पाचवीत तो आपल्या वसतिगृहात दाखल झाला, येथूनच दहावी झाला, बारावीनंतर नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात मदतनीस म्हणून लागला. पहिल्या दिवाळीला शाळेत भेटायला आला. पायांतील बूट काढून व्हरांड्यातच उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करावं म्हणतोय.” आम्ही म्हणालो, “बाहेरून केलेल्या पदवीला कोण विचारतं रे? त्यापेक्षा भरतीची तयारी कर.” तो “बरं, सर” म्हणाला आणि निघून गेला. त्याने आमचे ऐकले नाही, हे त्याचेही भाग्य आणि आमचेही.

ज्यांनी हा सल्ला दिला, ते आम्ही स्वतः डी.एड. होऊन शिक्षक झालो आणि बी.ए. व एम.ए. या दोन्ही पदव्या दिवसभर वर्ग घेऊन, रात्री वाचून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणूनच मिळविल्या आहेत. इतिहास बाहेरून वाचला तरी चालतो, हिशेब मात्र चालत नाही, असा काहीसा आमचा समज असावा. खरे सांगायचे तर वाणिज्य हा विषय आपला आहे, असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते. कला शाखा आपली, फार हुशार मूल असेल तर विज्ञान. वाणिज्य हे ज्यांची दुकाने आहेत त्यांचे. ही वाटणी आमच्या मनात कोणी केली, हे इतिहासाच्या शिक्षकाला तरी ठाऊक असावयास हवे होते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून हा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. त्या लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हुडकून काढून त्यांनी त्यांची होळी केली. ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यात काय लिहिले आहे, व्याज कसे चढले आहे, हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती कागद जाळण्यावाचून काय उरते? जमाखर्चाची वही ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव, हे आपल्या आज्यापणज्यांनी सोसले आहे. आणि त्यांचा नातू ती वही वाचावयास शिकतो म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला पोलीस भरतीच्या मैदानाकडे पिटाळतो!

बाबासाहेबांच्या चरित्रातही हा एक कोपरा आहे. जयंतीच्या व्याख्यानांत तो बहुधा राहून जातो. १९१७ साली परदेशातून परतल्यावर बडोद्याची नोकरी त्यांना सोडावी लागली. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. पुढे १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते आणि पगारातून शिल्लक टाकून लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्याची तयारी करीत होते. १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या लेखाकर्म प्रशिक्षण संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. नोकरी करून शिकणाऱ्याची ओढाताण त्यांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नव्हती. म्हणूनच १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी ठेवण्यात आले, की विद्यार्थ्याला दिवसा नोकरीवर जाता यावे. १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालयही काढले. नोकरदाराने शिकावे आणि वाणिज्यही शिकावे, या दोन्ही गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत. आम्हीच त्या माळ्यावर टाकल्या.

मुक्त विद्यापीठ हा त्या सकाळच्या वर्गांचाच पुढचा विस्तार आहे, असे आमचे मत आहे. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले. आज ते बाबासाहेबांच्याच नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळापासून या विद्यापीठाने एक मोठी गोष्ट केली: बारावीची पायरी जिला गाठता आली नाही अशा व्यक्तीलाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या दारात उभे राहता येऊ लागले. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. वाणिज्याची पुस्तके तेथे मराठीत आहेत, आणि शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून ती लिहिलेली आहेत.

आमच्या विद्यार्थ्याला या पुस्तकांनी काय दिले, ते आम्ही त्याच्याच तोंडून ऐकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याच्या गोदामात नवा माल आला की पुढच्या फळ्यांवर मांडला जाई, कारण गाडी रिकामी करणाऱ्या हमालांना ते सोयीचे. जुना माल मागे दबून राही. लोखंडी भागांचे त्याने फारसे बिघडत नसे. पण रबरी पट्टे आणि ऑइल सील दोन पावसाळे मागच्या फळीवर पडून राहिले की कडक होत, त्यांना भेगा पडत आणि वर्षअखेरीस ते मोडीत निघत. हे असेच असते, असे सारे धरून चालले होते. परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात साठ्याच्या प्रकरणात त्याने वाचले, की जो माल आधी आला तो आधी बाहेर काढावा, आणि साठ्याचे मूल्य त्याच क्रमाने धरावे. परीक्षेत या विषयावर आकडेमोडीचा प्रश्न येतो, एवढ्यासाठी इतर विद्यार्थी ते प्रकरण वाचतात. याने दुसऱ्या दिवशी खडूने प्रत्येक खोक्यावर आवकेची तारीख घालावयास सुरुवात केली आणि रबरी मालासाठी दोन तोंडांची फळी मागून घेतली, एका बाजूने माल भरायचा, दुसऱ्या बाजूने काढायचा. वर्षभराने मोडीचा ढीग निम्म्याहून खाली आला. मालकाने विचारले, हे कुठे शिकलास? त्याने पुस्तक दाखविले.

दिवसभर महाविद्यालयात बसणाऱ्या मुलाला हेच प्रकरण प्राध्यापक अधिक चांगले समजावून देतील, यात शंका नाही. पण त्या मुलाच्या डोळ्यांसमोर भेगाळलेला रबरी पट्टा नसतो.

हे सारे सुरळीत झाले, असे वाचकांनी समजू नये. त्याच परिव्यय लेखांकनात तो दोनदा नापास झाला. परीक्षेसाठी मागितलेली रजा एकदा नाकारली गेली, एकदा बिनपगारी मिळाली. संपर्कसत्रे रविवारी असत आणि महिन्यातले दोन रविवार गोदामात मालाची मोजणी असे. पहाटे साडेचारला उठून तो वाचीत असे. आपल्या वसतिगृहाची पहाटेची घंटा आम्ही पुष्कळ मुलांच्या शिव्या खात वाजविली आहे, तिचा असाही उपयोग झाला. तीन वर्षांच्या पदवीला त्याला पाच वर्षे लागली. तोवर तो भांडारप्रमुख झाला होता आणि त्या अनुभवाच्या जोरावर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा द्यावयास पात्र ठरला. तेथे सारे इंग्रजीत. परंतु घसारा म्हणजे काय, ताळेबंदाच्या दोन बाजू समान का येतात, हे मराठीत पक्के झाल्यामुळे इंग्रजीत त्याला केवळ शब्द बदलायचे होते, समज नव्हे. मातृभाषेतून शिकलेला मुलगा पुढे अडतो, असे जे आमचे काही पालक सांगतात, त्यांनी याच्याशी बोलावे.

एम.बी.ए.च्या शेवटी प्रकल्प लिहावा लागतो. त्याने आपल्याच कंपनीच्या उधारीवर लिहिला. माल पुरविणाऱ्याचे पैसे तीस दिवसांत द्यावे लागतात आणि गिऱ्हाईक देतो नव्वद दिवसांनी. मधल्या साठ दिवसांची खिंड बँकेच्या व्याजाने भरून काढावी लागते. वहीत नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी तिजोरीत पैसे नसतात, ते यामुळे. यालाच खेळते भांडवल म्हणतात. हा प्रकल्प वाचून आमची झोप उडाली, कारण आम्हाला आठवले आपलेच तीन-चार माजी विद्यार्थी, ज्यांनी कर्ज काढून धंदा मांडला आणि दोन वर्षांत गुंडाळला. एकाने टेम्पो घेतला होता, एकाने शासकीय कार्यालयांना स्टेशनरी पुरविण्याचे काम घेतले होते. दोघांनाही गिऱ्हाईक होते. दोघांचीही बिले थकली आणि हप्ता मात्र थांबला नाही. समाजात तेव्हा कुजबूज झाली, आपल्या लोकांना धंदा जमत नाही. धंदा जमला होता. साठ दिवसांची खिंड कोणी दाखविली नव्हती.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. २०१२ च्या केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात सार्वजनिक खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांसाठी राखला आहे. २०१६ मध्ये स्टँड-अप इंडियाखाली १० लाखांपासून १ कोटीपर्यंतच्या कर्जाची तरतूद झाली होती. योजनांची माहिती देणारी शिबिरे आपण भरवितो, त्यांत पत्रके वाटतो. अर्जाला जोडावयाचा प्रकल्प अहवाल मात्र आपली मुले एजंटाकडून विकत आणतात, आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचीत नाहीत. १८७५ आणि आज यांत अंतर पडले आहे ते एवढेच, की तेव्हा अंगठा होता, आता सही आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्हीही विक्रेत्यासारखे बोलू लागू. दूरशिक्षणाची व्यवस्थापन पदवी सर्वांसाठी नाही. नामांकित संस्थेतील पूर्णवेळ एम.बी.ए. लाखो रुपये घेते ते केवळ शिकविण्याचे घेत नाही, ओळखींचे घेते. शेजारच्या बाकावर बसलेला उद्या कोणत्या कंपनीत असेल, आवारात मुलाखतीला कोण येईल, त्याचे ते मोल आहे. ते पोस्टाने घरी येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात नसते. म्हणून ज्याच्या हाती काहीच काम नाही, त्याने केवळ नोकरी लागेल या आशेने ही पदवी घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. तिची खरी किंमत ज्याच्या पायाखाली कसले तरी गोदाम, दुकान, पतपेढी किंवा कारखाना आहे त्याला कळते. पुण्याच्या अभ्यासिकांत सहा-सहा वर्षे स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांनी याचा विचार करावा. वाट पाहण्याऐवजी कोठेतरी कामाला लागून सोबत ही पदवी केली असती, तर परीक्षेने हुलकावणी दिल्यावर हात रिते राहिले नसते. हे लिहिताना आमच्याच सल्ल्याने त्या अभ्यासिकांत गेलेले काही चेहरे समोर येतात.

फसवणुकीचाही एक धोका आहे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने एका संस्थेला पैसे भरले आणि त्याला वर्षभरात तीन वर्षांच्या गुणपत्रिका घरपोच मिळाल्या. बढतीच्या वेळी त्या कोणी ग्राह्य धरल्या नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या कायद्याखाली निघालेली खासगी विद्यापीठे रद्दबातल ठरविली, तेव्हा कितीतरी विद्यार्थ्यांचे भवितव्य टांगणीला लागले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्रसिद्ध करतो. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ती यादी पाहावी. संस्थेच्या कार्यालयात टांगलेली चौकट पाहू नये. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदवीला नियमित पदवीची समकक्षता आहे, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. तेव्हा स्मरणिकेच्या यादीपुरता तरी हा वाद मिटावयास हरकत नाही.

आता आमचे मुख्य म्हणणे. आपल्या शाळेची आणखी एक माजी विद्यार्थिनी आहे. लग्न होऊन याच तालुक्यात आली, गावातील बचत गटाचा हिशेब तीच लिहिते आणि पै-पैचा ताळा जुळविते. तिने मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातले. पहिले वर्ष पार पडले, दुसऱ्या वर्षाचे दोन विषय गेली दोन वर्षे राहिलेले आहेत. मध्यंतरी बाजारात भेटली. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, “सर, अभ्यास अवघड नाही. बसायला जागा नाही.” दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे, दूरदर्शन संच सतत चालू, आणि सुनेने पुस्तक उघडले की कोणाला ना कोणाला चहा हवा असतो.

दूरशिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांविषयी ‘चिकाटी नाही’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. आम्ही तीस वर्षे निवासी शाळेत शिकवीत आहोत. आपली मुले येथे का शिकतात, हे आम्हाला माहीत आहे. ती घरच्या मुलांहून अधिक बुद्धिमान असतात म्हणून नव्हे. येथे दिवा असतो, ठरलेली वेळ असते, शेजारी दुसरे कोणी वाचीत बसलेले असते, आणि अडले तर विचारायला एक माणूस असतो. दहावीनंतर हे सारे एका दिवसात आपण त्यांच्याकडून काढून घेतो आणि मग पदवी एकट्याने, पत्र्याच्या खोलीत, पाळी सांभाळून करावी अशी अपेक्षा धरतो. जे करतात त्यांना वर ‘बाहेरून केली’ असे म्हणतो.

शाळेचे ग्रंथालय रविवारी बंद असते. तेथे चाळीस जणांची बैठक आहे, पंखे आहेत, गेल्या वर्षी मिळालेले दोन संगणक आहेत. ते रविवारी नोकरी करीत शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी उघडावे, असा प्रस्ताव आम्ही मागील बैठकीत मांडला होता. वसतिगृहात मुले-मुली राहतात, बाहेरची माणसे आवारात नकोत, असा आक्षेप आला. आक्षेप योग्य आहे आणि तो आम्ही मान्य करतो. पण ग्रंथालयाला रस्त्याच्या बाजूनेही एक दार आहे, जे पूर्वी पुस्तकांची खोकी आत घेण्यासाठी वापरीत आणि आता कपाटामागे झाकले गेले आहे. कपाट हलविले की आवारात पाऊल न ठेवता आत येता येईल. उपस्थितीची वही ठेवू. वाणिज्याची पुस्तके आमच्या ग्रंथालयात आजमितीस अकरा आहेत, त्यांतील चार जीएसटीपूर्वीच्या करपद्धतीची. त्यासाठी देणगीदारांनी मनावर घ्यावे. भिंतीवरचा फलक एखादे वर्ष लांबला तरी चालेल.

रविवारी सकाळी आठ ते बारा या वेळेत बसण्याची जबाबदारी आम्ही स्वतः घेतो. किल्ली तशीही आमच्याकडेच असते. बचत गटाच्या आमच्या विद्यार्थिनीला निरोप धाडला आहे. तिच्या सासूबाईंनाही आम्ही जाऊन भेटणार आहोत. आणि ज्याचे नाव यादीत नव्हते त्याला दूरध्वनी करून विचारले, महिन्यातून दोन रविवार येऊन लेखांकनाचे गणित सोडवून दाखवशील का? तो सध्या त्याच कंपनीचे खरेदी व भांडार सांभाळतो. येतो म्हणाला. मार्चअखेरची साठ्याची मोजणी उरकल्याशिवाय मात्र जमणार नाही, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारपासून धरा, असे त्याचे म्हणणे पडले.